भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२

अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठी भारतीय संसदेने केलेला कायदा. ६० अंश दक्षिण अक्षवृत्तापलीकडील प्रदेशाला तो लागू आहे. १९५९ च्या अंटार्क्टिक करारात भारत १९८३ मध्ये सामील झाला. १९९१ मध्ये संमत होऊन १९९८ मध्ये अमलात आलेल्या, या कराराच्या माद्रिद प्रोटोकॉलने तेथे वैज्ञानिक संशोधनाखेरीज खनिज व तेल यांच्या उत्खननास बंदी केली. या तरतुदींना प्रस्तुत अधिनियमाने देशांतर्गत कायद्याचे बळ दिले. विनापरवाना खोदकाम, परकीय जीवजातींचा प्रवेश व किरणोत्सर्गी कचरा टाकणे हे दंडनीय गुन्हे ठरतात.

भारताच्या ध्रुवीय मोहिमांची सूत्रे गोव्यातील वास्को द गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहेत. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती. मैत्री व भारती ही भारताची तेथील संशोधन स्थानके होत.

आर्क्टिकमध्ये मात्र अंटार्क्टिक करारासारखा सर्वंकष करार नाही. किनारी देश आपापल्या सागरी हद्दीत तेल काढू शकतात. शिवाय अंटार्क्टिकातील उत्खननबंदीमुळे तापमानवाढ थांबत नाही. २००२ मध्ये तेथील लार्सन बी हिमस्तराचा सुमारे ३,२५० चौ. किमी. भाग कोसळला. अशा ऱ्हासाला आळा घालण्यासाठी जगभरचे कार्बन उत्सर्जनच घटवावे लागते.