नाणेसंग्रह, राजकारण आणि सीमाशुल्क : १९३३ च्या ‘डबल ईगल’ची कथा

नाण्याचे मोल त्यातील धातू, दुर्मिळता आणि अवस्था यांवर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि, ते नाणे कोणत्या कायद्यानुसार व कोणत्या कागदपत्रांसह देशाबाहेर गेले, यालाही तितकेच महत्त्व असते. अमेरिकेचे १९३३ सालचे ‘डबल ईगल’ हे २० डॉलरचे सुवर्णनाणे याचे ठळक उदाहरण होय.

सोने जमा करण्याचा आदेश

मार्च १९३३ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची सूत्रे स्वीकारली, तेव्हा देश महामंदीने ग्रासलेला होता. ५ एप्रिल १९३३ रोजी त्यांनी काढलेल्या आदेशानुसार नागरिकांना आपल्याजवळील सुवर्णनाणी व सोन्याच्या लगडी बँकांकडे जमा करणे बंधनकारक झाले. संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेली दुर्मिळ नाणी मात्र या आदेशातून वगळण्यात आली होती.

त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत ४,४५,५०० डबल ईगल नाणी पाडण्यात आली, पण ती चलनात आलीच नाहीत. दोन नाणी राष्ट्रीय संग्रहाकडे देण्यात आली आणि उर्वरित साठा १९३७ मध्ये वितळविण्यात आला. त्यापूर्वीच काही नाणी टांकसाळीबाहेर गेली होती.

राजाचा परवाना

यांपैकी एक नाणे १९४४ मध्ये इजिप्तचे राजे फारूक यांच्या संग्रहासाठी खरेदी करण्यात आले. त्यांच्या प्रतिनिधींनी रीतसर अर्ज केला आणि अमेरिकेच्या अर्थखात्याने निर्यात परवाना दिला. ही नाणी टांकसाळीतून बेकायदा बाहेर पडल्याचे तपास यंत्रणेच्या लक्षात आले, ते त्यानंतर काही आठवड्यांनी. महायुद्धाच्या त्या काळात इजिप्तकडे नाणे परत मागण्याचे अमेरिकेने टाळले.

१९५२ मध्ये फारूक पदच्युत झाले. नव्या राजवटीने १९५४ मध्ये कैरो येथे त्यांच्या संग्रहाचा लिलाव केला. अमेरिकेच्या विनंतीवरून हे नाणे लिलावातून काढून घेण्यात आले आणि पुढे ते दिसेनासे झाले. १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे असे एक नाणे विकताना एका ब्रिटिश नाणेव्यापाऱ्यास अटक झाली. हे फारूक यांचेच नाणे असल्याचा आणि त्यासाठी सरकारनेच परवाना दिला असल्याचा मुद्दा बचावपक्षाने मांडला. २००१ मध्ये तडजोड होऊन नाण्याचा लिलाव करण्याचे व रक्कम दोन्ही पक्षांनी वाटून घेण्याचे ठरले. २००२ मध्ये त्यास सुमारे ७५.९ लाख डॉलर, तर २०२१ च्या लिलावात सुमारे १८९ लाख डॉलर एवढी किंमत मिळाली.

दहा नाणी सरकारजमा

याच वर्षाची आणखी दहा नाणी फिलाडेल्फियातील एका सराफाच्या वारसांकडे सापडली. २००४ मध्ये ती तपासणीसाठी टांकसाळीकडे देण्यात आली, पण सरकारने ती परत केली नाहीत. २०११ मध्ये ज्यूरीने सरकारच्या बाजूने कौल दिला, २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम ठेवला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी सुनावणीस नकार दिला. धातू, टांकसाळ आणि वर्ष एकच. पण या दहा नाण्यांसाठी कधीही परवाना दिला गेला नव्हता.

भारतातील तरतुदी

भारतात १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुने नाणे ‘पुरावस्तू’ ठरते. अशा वस्तूची निर्यात केवळ केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्थाच करू शकते. या तरतुदीचा भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास व दंडाची शिक्षा आहे. नाण्याची बाजारातील किंमत येथे गौण ठरते. त्यामुळे शिवकालीन तांब्याची शिवराई परदेशातील नातेवाइकांना भेट म्हणून पाठविणेही गुन्हा ठरू शकतो.

जमिनीत सापडणाऱ्या नाण्यांना १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे आवश्यक असते.

संग्राहकाने नाण्यासोबत खरेदीची पावती आणि पूर्वीच्या मालकांची नोंद जपून ठेवणे म्हणूनच हिताचे ठरते. फारूक यांचे नाणे आज खासगी संग्रहात राहू शकते, ते १९४४ च्या एका परवान्यामुळेच.