हसवणाऱ्या पुस्तकांची रद्दी

एक साधा प्रयोग करून बघा. आपल्या शहरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आणि २०२३ पासूनच्या छत्रपती संभाजीनगरात, एखादी पन्नास वर्षं जुनी पोथी शोधायला निघा. दोन-चार घरं विचारलीत की लाल कपड्यात बांधलेली पोथी निघेलच. आता १९८५ सालचं चाचा चौधरीचं कॉमिक शोधायला निघा. औरंगपुऱ्यातली जुन्या पुस्तकांची दुकानं, रविवारी जाफर गेटचा बाजार, ओळखीतले दोन रद्दीवाले... संध्याकाळी हातात बारावीची गाइडं आणि एखादं फाटकं 'चंपक' घेऊन परत याल. आलं तर!

गंमत म्हणजे पोथीपेक्षा हे कॉमिक कितीतरी जास्त छापलं गेलं होतं. मग गेलं कुठे? आम्हा गोळा करणाऱ्या येड्यांना हा प्रश्न दर रविवारी पडतो. त्याचं उत्तर शोधायचं तर थोडा इतिहास बघावा लागतो. तर मंडळी, चहा घेऊन बसा.

मराठीत मुलांसाठीची मासिकं फार जुनी आहेत. मिशनऱ्यांचा 'बालबोधमेवा' एकोणिसाव्या शतकातला. वासुदेव गोविंद आपट्यांनी 'आनंद' मासिक १९०६ साली सुरू केलं. पण या मासिकांचा मूळ हेतू मूल शहाणं करण्याचा. विनोद असायचा, पण जेवणातल्या लोणच्याएवढा. आणि तोही शब्दांत. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या घ्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, हे सगळे आपल्याला वाक्यांतून भेटले. चित्र असायचं ते गोष्टीच्या बाजूला उभं. चौकटीमागून चौकट, तोंडातून निघालेला फुगा आणि शेवटच्या चौकटीत फजिती, हा प्रकार आपल्याकडे उशिरा रुजला.

एप्रिल १९५२ मध्ये मद्रासहून मराठी 'चांदोबा' सुरू झाला. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू-तमिळमधून काढलेल्या 'चंदामामा'चं हे मराठी भावंडं. चित्रं अप्रतिम! विक्रमाच्या खांद्यावरचा तो वेताळ काढणारे शंकर २०२० साली गेले, तेव्हा साठी उलटलेल्या कितीतरी लोकांनी हळहळ व्यक्त केली. पण चांदोबा हसवण्यापेक्षा गुंगवणारा. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स काढली, त्यांचीही मराठी आवृत्ती यायची. त्यात वेताळ होता, मँड्रेक होता, १९७६ पासून आबिद सुरतींचा बहादूरही आला. तिथे साहस भरपूर, हसू मात्र बेताचंच. १९९० मध्ये इंद्रजाल बंद झालं तोवर ८०० च्या वर अंक निघाले होते.

मग आपल्याकडच्या पोरांना चित्रांतून हसवलं कोणी? खरं उत्तर जरा टोचेल. हिंदीने.

१९६९ साली दिल्लीत 'लोटपोट' सुरू झालं आणि १९७१ मध्ये त्यात प्राण कुमार शर्मांचा चाचा चौधरी आला. पगडी, पांढऱ्या मिशा, हातात काठी असा म्हातारा हीरो! ज्या काळात हीरो म्हणजे मुखवटा किंवा केप, त्या काळात प्राणसाहेबांनी गल्लीत भेटेल असा माणूस उभा केला. त्याचा मेंदू संगणकापेक्षा जलद चालतो, हे त्याचं ब्रीदच. आमच्या फील्डमधल्या माणसाला याची जास्त मजा वाटते. १९७१ साली वाचकांपैकी किती जणांनी संगणक डोळ्यांनी पाहिला असेल? भारतीय बनावटीचा 'टिफरॅक' मुंबईत १९६० मध्ये चालू झाला होता, पण तो होता संशोधन संस्थेत. म्हणजे मुलांना संगणक ठाऊक होण्याआधी संगणकाला हरवणारा माणूस ठाऊक झाला! आणि चाचा जिंकतो ते गणितं करून नव्हे. चोर बुटांवरून ओळखतो, खोटं बोलणाऱ्याला त्याच्याच वाक्यात अडकवतो. हाणामारीचं काम साबूकडे, तो गुरू ग्रहावरचा. त्याला राग आला की तिकडे ज्वालामुखी फुटतो. डोकं एकाचं आणि ताकद दुसऱ्याची, याहून सोपं टीमवर्क मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये पाहिलेलं नाही.

१९७८ पासून डायमंड कॉमिक्सने चाचा, बिल्लू, पिंकी, रमण यांना छोट्या आकाराच्या स्वतंत्र पुस्तकांतून गावोगाव पोचवलं. आणि आपलं शहर त्यासाठी जणू तयारच होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. कारभाराची भाषा उर्दू, कित्येक आजोबांचं शिक्षणही उर्दूतच झालेलं. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि दखनी, शाळेत इंग्रजीची भीती. इथल्या पोराला हिंदी कॉमिक वाचायला वेगळं शिकावं लागलं नाही. लिपी देवनागरी, भाषा गल्लीतली. शेजारच्या उर्दू वाचणाऱ्या घरात दिल्लीच्या शमा गटाचं 'खिलौना' यायचं, तेही ऐंशीच्या दशकात बंद झालं. म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना पोरं वेगवेगळ्या लिपीत एकाच वेळी खिदळत होती. शहराचा इतिहास लिहिणारे दरवाजे मोजतात, लेणी मोजतात. हे खिदळणं कोणी मोजत नाही.

तिसरा प्रवाह इंग्रजीचा. अनंत पैंनी १९८० मध्ये 'टिंकल' काढलं. ते इंग्रजी, म्हणून आपल्याला परकं वाटतं, पण त्यातली दोन सर्वांत लाडकी पात्रं मराठी चित्रकारांच्या हातची आहेत. सुपंडी १९८३ सालचा. मूळ गोष्टी तमिळनाडूतल्या एका वाचकाने पाठवल्या, पण तो उभट डोक्याचा चेहरा दिला राम वाईरकरांनी. अमर चित्र कथेतला 'कृष्ण'सुद्धा त्यांचाच. आणि शिकारी शंभू! कल्पना लुईस फर्नांडिस यांची, हात वसंत हळबे यांचा. शंभूचे डोळे कधी दिसत नाहीत, टोपी थेट नाकावर उतरलेली. डोळेच नसलेल्या माणसाची भीती फक्त मिशा आणि गुडघ्यांतून दाखवायची, हे काय खायचं काम आहे? हळबे-वाईरकर ही नावं मराठी घरांत दीनानाथ दलालांसारखी का घेतली जात नाहीत, हे मला न सुटलेलं कोडं आहे. बहुतेक मुलांना हसवलं म्हणून.

मराठीचा स्वतःचा असा पोरगा यायला १९९१ उजाडलं. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' अवतरला. दोन-तीन चौकटी, आई-पप्पा, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, आणि जोशी काकू. ना गुरू ग्रह, ना जंगल. अभ्यास, क्रिकेट, कैऱ्या, पाहुणे. चिंटूमध्ये विनोद बहुतेक वेळा मोठ्यांच्या वागण्यातल्या विसंगतीचा असतो आणि ती विसंगती बोलून दाखवण्याचं काम पोराचं. मराठी मध्यमवर्गाने रोज सकाळी चहासोबत स्वतःवरचं हसू विकत घेतलं, तेही वर्षानुवर्षं. २०१२ साली त्यावर सिनेमा निघाला, पुढच्या वर्षी दुसरा भागही.

चिंटूने गोळा करण्याची पद्धतही बदलली. वर्तमानपत्रातली पट्टी विकत मिळत नाही, ती कापावी लागते. मग घराघरांत कात्री, डिंक आणि जुन्या वह्या निघाल्या. वहीच्या डाव्या पानावर गेल्या वर्षीचं भूगोलाचं गृहपाठ आणि उजव्या पानावर चिंटू! पुढे चिंटूची छापील पुस्तकं आली, पण त्या वह्यांची सर त्यांना नाही. कारण वहीत चिंटूच्या मागे त्या दिवशीची बातमी आहे, आणि कडेला कोणीतरी पेनाने तारीख घातलेली आहे.

आता मूळ प्रश्न. एवढं सगळं गेलं कुठे?

पहिलं कारण कागद. कॉमिक्स स्वस्त हवी, म्हणून कागद स्वस्त. या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. हवा आणि उजेड लागला की ते पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागदाचे तंतू तुटत जातात. जुनं कॉमिक उघडताना कोपरा बिस्किटासारखा मोडतो तो यामुळे. त्यात मधल्या दोन पिना गंजतात आणि आजूबाजूचा कागद खातात. आणि प्रेमाने लावलेली सेलोटेप ही तर शत्रूच. दहा वर्षांत तिचा चिकटा तपकिरी होऊन चित्रात उतरतो.

दुसरं कारण वापर. एक कॉमिक एकजण कधीच वाचत नसे. भाड्याने देणारी दुकानं होती, सुट्टीत मावसभावंडं होती, एसटीतला शेजारी होता. हातांची संख्या वाढली की आयुष्य घटतं, साधं गणित.

पण तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. हसणं जपायची गोष्ट आहे, असं आपल्याला वाटतच नाही. सहामाही परीक्षेआधी कपाट आवरताना अमर चित्र कथा राहायची, कारण ते 'संस्कार'. 'किशोर' राहायचं, कारण ते बालभारतीचं. बिल्लू आणि चाचा थेट रद्दीच्या तराजूत, कारण ते 'टाइमपास'. प्रत्येक घराने स्वतंत्रपणे तोच निर्णय घेतला. आमच्या भाषेत सांगायचं तर लाखो कॉप्या होत्या, पण डिलीट करण्याचा नियम सगळीकडे एकच होता. अशा वेळी कॉप्या कितीही असोत, बॅकअप शून्य धरायचा.

याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने स्कॅन करून सगळ्यांसाठी मोफत खुले केले. घरबसल्या आपल्या आईच्या शाळेतल्या दिवसांचा अंक वाचता येतो. सरकारी खात्याने केलेलं इतकं सुंदर काम क्वचितच बघायला मिळतं. पण खासगी प्रकाशकांच्या कॉमिक्सचं काय? १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. कायदा छान आहे, पण गुलमंडीवरच्या पोराला कोलकात्याच्या प्रतीचा उपयोग काय?

स्वतः स्कॅन करून वाटावं तर कॉपीराइट आडवा येतो, आणि यावा हेही बरोबर. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. प्राण २०१४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची चित्रं मुक्त होणार २०७४ संपल्यावर. तेव्हा आमची पिढी ऐंशीच्या घरात असेल. तो स्वस्त कागद मात्र तोवर टिकणार नाही. हा हिशेब मांडला की गोळा करणं हा छंद राहत नाही. मधल्या पन्नास वर्षांची ड्युटी कोणीतरी करायची आहे, एवढंच.

पण या ड्युटीतही एक पेच आहे. मी जेव्हा एखादा अंक वेखंडाच्या तुकड्यासोबत डब्यात ठेवतो, तेव्हा तो टिकतो पण वाचला जात नाही. भाची घरी येते आणि हात पुढे करते तेव्हा काय करायचं? न वाचलेलं विनोदी पुस्तक म्हणजे न सांगितलेला जोक. तिला मोटू-पतलू टीव्हीवरचे माहीत आहेत, ते 'लोटपोट'मधून आलेत हे माहीत नाही. ते सांगायचं तर पुस्तक तिच्या हातातच द्यावं लागतं. आणि तिच्या हाताला चिवडा लागलेला असतो!

यावर उत्तर शहरातच सापडलं. २०२१ पासून आपल्याकडे रीड अँड लीड फाउंडेशनने बायजीपुऱ्यापासून सुरुवात करून मोहल्ला लायब्ररी उभ्या केल्या, पुढे त्यांची संख्या तिशीच्या पुढे गेली. मुलांसाठी, गल्लीतच, चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे पुस्तक फाटणार हे गृहीत धरलेलं आहे, आणि तेच मला पटलं. म्हणून आता माझा नियम असा: एकच प्रत असेल तर डब्यात. दुसरी मिळाली की ती वाचायला बाहेर. फाटली तर फाटली.

तुमच्याही माळ्यावर एखादी ट्रंक असेल. दिवाळीची साफसफाई सुरू होण्याआधी एकदा उघडून बघा. रद्दीचा भाव किलोवर असतो. चिंटूची वही जेमतेम पाव किलो भरेल, वीस रुपयेसुद्धा येणार नाहीत.