नीरब्राह्मी (मत्स्यालयातील लागवड व निगा)

नीरब्राह्मी : (ब्राह्मी, जलब्राह्मी, हिं. जलनीम, लॅ. बॅकोपा मोनिएरी). दलदलीत व उथळ पाण्यात वाढणारी, जमिनीवर पसरणारी बहुवर्षायू ओषधी. आयुर्वेदातील वापरामुळे ती सर्वांना माहीत असली, तरी गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात लावण्याजोगी ती एक उत्तम खोडाची वनस्पती आहे. कार्ल लिनीअस यांनी 1756 मध्ये तिचे वर्णन लिसिमॅकिया मोनिएरी या नावाने केले. जुन्या वैद्यकीय ग्रंथांत ती हर्पेस्टिस मोनिएरा या नावाने भेटते. पूर्वी तिचा समावेश स्क्रोफ्युलॅरिएसी कुलात होत असे. डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणानुसार ती आता इसबगोलाच्या, म्हणजे प्लँटॅजिनेसी कुलात मोडते.

आढळ : ही जगातील बहुतेक उष्ण प्रदेशांत आढळते. भारतात ती सर्वत्र, सुमारे 1,300 मी. उंचीपर्यंत सापडते. ओढ्याचा काठ, भातखाचराचा बांध, तळ्याची चिखलट कड, पाझराची जागा ही तिची हक्काची ठिकाणे होत. थोडा खारेपणाही ती सोसते. पावसाळ्यात पाण्याखाली जायचे आणि पाणी ओसरले की उघड्यावर वाढायचे, अशा जागीच ती रुजलेली असते. मत्स्यालयातील तिच्या निगेचे बहुतेक नियम तिच्या या दुहेरी जीवनातून निघतात.

वर्णन : खोड मऊ, रसाळ व गुळगुळीत असून प्रत्येक पेरातून मुळे फुटतात. पाने समोरासमोर, बिनदेठाची, अखंड कडांची, तळाशी निमुळती व टोकाशी गोलसर असून 0.6–2.5 सेंमी. लांब असतात. पानांची प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करते. त्यामुळे कोंब वरून पाहिल्यास चौफुलीसारखा दिसतो. पान चावल्यास कडू लागते. फुले पानांच्या बगलेत एकेकटी, पांढरी किंवा फिकट निळसर-जांभळी व पाच पाकळ्यांची असतात. उघड्यावर खोड आडवे सरपटते व पाने जाड असतात. पाण्याखाली तेच खोड उजेडाच्या दिशेने सरळ उभे राहते आणि पाने पातळ व नाजूक येतात.

दुकानात जुड्या घेताना सारखी दिसणारी झाडे ओळखावीत. बॅकोपा कॅरोलिनियाना या अमेरिकी जातीची पाने मोठी असून चुरडल्यास लिंबासारखा वास येतो. काही भागांत मंडूकपर्णीलाही ब्राह्मी म्हणतात. मात्र तिचे पान गोल, लांब देठाचे व दातेरी कडेचे असते.

लागवड : विक्रीची झाडे बहुधा रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात. जुडीची धातूची पट्टी व स्पंज काढून टाकावा, सडका भाग कापावा. गोगलगायींची अंडी व शेवाळ जावे म्हणून झाडे पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात काही मिनिटे बुडवून स्वच्छ धुवावीत. तळाशी 5–7 सेंमी. जाडीचा, 2–3 मिमी. दाण्याच्या वाळूचा थर असावा. काडीच्या खालच्या दोन पेरांवरील पाने काढून ती पेरे वाळूत जातील अशी काडी लांब चिमट्याने तिरकी खोचावी. खोडात हवेच्या पोकळ्या असल्याने सरळ खोचलेली काडी लगेच वर तरंगते. काड्या एकेक करून 2–3 सेंमी. अंतरावर लावाव्यात. जुडी तशीच पुरली, तर मधल्या काड्यांना उजेड व खेळते पाणी मिळत नाही आणि त्या बुडापासून कुजतात.

पहिल्या काही आठवड्यांत खालची जुनी पाने पिवळी पडून गळतात. झाड मेले असे समजून ते उपटू नये. हवेत वाढलेली पाने टाकून देऊन ते पाण्याखालची पाने धरत असते. शेंड्याकडे पाहावे, तेथे नवी, पातळ, स्वच्छ हिरवी जोडी उमलत असेल तर झाड लागले. गळलेली पाने मात्र रोज काढावीत.

पाणी व प्रकाश : तापमान 20–28° से. व सामू 6 ते 7.5 असल्यास वाढ चांगली होते. धरणाचे मऊ पाणी तिला मानवते तसेच विहिरीचे जड पाणीही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढूनच ते टाकीत घालावे आणि दर आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. मध्यम प्रकाश रोज सुमारे 8 तास पुरे होतो. उजेड कमी पडला की दोन पेरांतील अंतर वाढते व बुडाची पाने झडतात. खिडकीतील थेट ऊन टाळावे. ही वनस्पती सावकाश वाढते, त्यामुळे जादा उजेडाचा फायदा तिच्याआधी शेवाळ उठवते. कार्बन डायऑक्साइड सोडल्यास झाड दाट होते. पण ते जगण्यासाठी त्याची गरज नाही.

पोषण : माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन व फॉस्फरस मिळतात, पोटॅशियम व लोह बहुधा कमी पडतात. कमतरता पानांवर वाचता येते. जुन्या पानांवर बारीक भोके पडली तर पोटॅशियम, जुनी पाने सरसकट पिवळी पडली तर नायट्रोजन आणि शेंड्याची नवी पाने फिकट आली तर लोह कमी आहे, असे समजावे. द्रवखत निम्म्या मात्रेने सुरू करून नव्या पानांचा रंग पाहत वाढवावे.

छाटणी व अभिवृद्धी : शेंडा पाण्याच्या पृष्ठभागाशी पोचला की धारदार कात्रीने पेराच्या किंचित वर काप घ्यावा. कापाखालच्या पानांच्या बगलांतून बहुधा दोन कोंब फुटतात. कापलेला शेंडा पुन्हा वाळूत लावता येतो. बुडाकडे उघड्या पडलेल्या खोडापुढे असे शेंडे लावल्यास ताटवा भरतो. काही कोंब पाण्याबाहेर वाढू दिल्यास ते फुलावर येतात. गप्पी, टेट्रा, रासबोरा यांच्याबरोबर ती सुखाने नांदते. गोल्डफिश मात्र वाळू उकरून कोवळ्या काड्या उपटतात.

दक्षता : या वनस्पतीतील बॅकोसाइडे या सॅपोनिनांवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत महत्त्वाचे संशोधन झाले आहे. असे असले तरी मत्स्यालयातील नीरब्राह्मी औषध म्हणून कधीही खाऊ नये. माशांच्या औषधांचे अंश तिच्यात उतरू शकतात. शिवाय ही वनस्पती पाण्यातील कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू शोषून साठवते. सांडपाण्याच्या नाल्याकाठची झाडे याच कारणासाठी ना औषधाला घ्यावीत, ना टाकीत लावावीत. औषधासाठी सर्रास होणाऱ्या तोडीचा भार रानातल्या नीरब्राह्मीवर पडतो. एका छाटणीतून अनेक रोपे होत असताना हौसेसाठी ओढ्याकाठचे ताटवे उपटण्याचे काहीच कारण नाही. वाढलेले शेंडे हौशी मंडळींनी एकमेकांत वाटून घ्यावेत.