वारे, विषाद आणि जनुक

मराठीच्या ग्रामीण बोलींत पक्षाघातास ‘अंगावरून वारे जाणे’ म्हणतात. या प्रयोगात जुन्या वातकल्पनेचा अवशेष आहे, हे उघड आहे. परंतु त्यानंतर माणूस खिन्न होऊन कोपऱ्यात बसतो, त्या अवस्थेस बोलीने वेगळे नाव दिलेले दिसत नाही. ती दुखण्यातच धरली जाते.

वैद्यकानेही तिच्याकडे पद्धतशीर लक्ष दिले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बाल्टिमोर येथे रॉबिन्सन यांनी या विषादाचा संबंध मेंदूच्या डाव्या पुढील भागातील इजेशी जोडला. हे मत पुष्कळ गाजले. तथापि 2000 साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात त्यास आधार मिळाला नाही. मग दृष्टी जनुकांकडे वळली. सेरोटोनिनच्या वाहक प्रथिनाचे जनुक आखूड व लांब अशा दोन रूपांत आढळते, आणि आखूड रूपाचा चिंताप्रवणतेशी संबंध असल्याचे 1996 साली लेश व सहकाऱ्यांनी मांडले होते. सिएटल येथे रूथ कोहेन यांनी 2008 साली पक्षाघातोत्तर विषादाशीही त्याचा संबंध दाखविला. पुढे 2011 साली निराळीच गोष्ट पुढे आली. परिचारिकांनी रुग्णांशी काही आठवडे केलेल्या संवादोपचाराचा लाभ आखूड रूप असणाऱ्यांस विशेष झाला होता. ज्यास दुबळेपणाची खूण मानले, तेच येथे उपचारास अनुकूल ठरले! मात्र रुग्ण साठाच्या घरात होते. शिवाय एकेका जनुकावर विषादाचा भार टाकणाऱ्या उपपत्ती 2019 च्या एका विशाल परीक्षणात टिकल्या नाहीत.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडचा अनुभव येथे उपयोगी पडतो. 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले आणि ते गावोगावच्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांच्या हाती सोपविले. त्याच परिसरातील 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत विषादग्रस्त व्यक्तीची हकीकत ऐकवून लोकांस कारणे विचारली गेली. त्यांनी ती मुख्यत्वे आर्थिक व सामाजिक ओढाताणीत शोधली. शारीरिक कारणांस फारसा पाठिंबा मिळाला नाही. अशा घरी जाऊन ‘हे रक्तातले आहे’ असे सांगितले, तर ऐकणारा त्याचा अर्थ कुळाचा दोष असा घेईल, आणि मुलीच्या सोयरिकीपर्यंत त्याची झळ पोचेल.

दुसरी अडचण याहून बिकट आहे. विषादाचे मोजमाप प्रश्नोत्तरांनी होते आणि संवादोपचार तर सर्वस्वी बोलण्यावर उभा आहे. परंतु डाव्या मेंदूवरील आघाताने पुष्कळदा वाचाच जाते. असा रुग्ण कोणत्या जनुकाचा, हे रक्ताच्या थेंबावरून कळेल. त्याच्या मनात काय चालले आहे, हे त्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईलाच ताडावे लागेल.