बंगल्याबाहेरची संगीन

उपवासाची साबुदाणा खिचडी आणि आमच्या छावणीतल्या जुन्या बंगल्यांबाहेर उभं असलेलं एक टोकदार झाड यांचा काय संबंध, असं मेसमध्ये कोणी विचारलं तर मंडळी हसतील. पण संबंध आहे. तो लंडनमधल्या एका न्हावी-शल्यवैद्याने चारशे वर्षांपूर्वी जोडला, आणि चुकून जोडला.

झाडाचं नाव युक्का. तलवारीसारख्या कडक पानांचा झुपका, पानाच्या टोकाला सुईसारखा काटा, आणि उन्हाळा सरताना मधून वर येणारा पुरुषभर उंचीचा दांडा, त्यावर पांढऱ्या घंटांसारखी शेकडो फुलं. युक्काच्या एका जातीला इंग्रजीत ‘स्पॅनिश बायोनेट’, म्हणजे स्पॅनिश संगीन, म्हणतात. त्यामुळे छावणीत ते शोभतंही. खडकवासल्याला क्रॉसकंट्री धावलेल्या प्रत्येकाला बांधावरची घायपात आठवत असेल. युक्का तिच्याच कुळातला, पण स्वभावाने वेगळा. घायपात एकदा फुलली की मरते. युक्काचा फुललेला झुपका पुढे वाढत नाही, पण शेजारून पिलं फुटतात आणि झाड चालू राहतं. मी सध्या जिथे आहे ती जागा सहा हजार फुटांवर आहे. नाव लिहीत नाही, जुन्यांना कळेलच. इथे डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ असतं आणि तरीही हे झाड हिरवंगार उभं असतं. वाळवंटातलं म्हणून ओळखलं जाणारं झाड बर्फात काय करतंय, या प्रश्नामागे लागून मी बरंच वाचन केलं. हा लेख त्यातूनच झाला.

जॉन गेरार्ड हा तो न्हावी-शल्यवैद्य. त्या काळी लंडनमध्ये न्हावी आणि शल्यवैद्य यांचा संघ एकच होता, आणि पुढे गेरार्ड त्याचा प्रमुखही झाला. पण त्याचा जीव बागेत. राणी एलिझाबेथचा मंत्री लॉर्ड बर्ली याच्या बागांची देखरेख त्याच्याकडे होती, आणि होल्बर्न भागात स्वतःची बाग होती. एक्सेटरच्या एका औषधविक्याचा नोकर वेस्ट इंडीजकडून परतताना एक रोप घेऊन आला आणि ते गेरार्डच्या हाती पडलं. त्याच सुमारास अमेरिकेतले लोक ‘युका’ नावाच्या कंदाची भाकरी करून खातात, अशी वर्णनं युरोपात पोचली होती. गेरार्डला वाटलं, हेच ते. १५९७ साली छापलेल्या आपल्या जाडजूड वनस्पतिग्रंथात त्याने या झाडाला तेच नाव दिलं. भाकरीचा तो कंद म्हणजे कसावा, ज्याच्यापासून तमिळनाडूतल्या सेलमच्या गिरण्यांत आपला साबुदाणा तयार होतो. गेरार्डच्या झाडाच्या मुळाची भाकरी होत नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं. १७५३ साली लिनियसने शास्त्रीय नावं ठरवताना युक्काच्या चार जाती नोंदल्या आणि चुकीचं नाव कायम ठेवलं. चुकीचा शेरा एकदा फायलीत गेला की निघत नाही, हे आपल्याला नवीन नाही.

गेरार्डने झाड लंडनच्या थंडीत उघड्यावर वाढवलं. आज युरोपातली ती शतकं ‘छोटं हिमयुग’ म्हणून ओळखली जातात. १६०७-०८ च्या हिवाळ्यात थेम्स नदी इतकी गोठली की तिच्यावर जत्रा भरली. त्या हवेत अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांतलं झाड तग धरून राहिलं. मात्र ग्रंथ लिहीपर्यंत गेरार्डला त्याचं फूल दिसलं नव्हतं. इंग्लंडमध्ये युक्का पहिल्यांदा फुलला तो १६०४ साली, लंडनच्या पूर्वेला एसेक्समध्ये, विल्यम कॉइस नावाच्या गृहस्थाच्या बागेत.

पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. १६२९ साली जॉन पार्किन्सन या दुसऱ्या औषधविक्याने बागांवर एक मोठा ग्रंथ छापला. त्यात त्याने गेरार्डच्या झाडाचं पुढे काय झालं ते सांगितलं आहे. गेरार्डने ते मरेपर्यंत सांभाळलं. तो १६१२ मध्ये गेला. त्याच्या विधवेकडून ते कोणीतरी आपल्या गावाकडच्या घरी लावायला म्हणून घेतलं, आणि त्या माणसाच्या हातून ते मेलं. गोष्ट तिथेच संपायची. पण गेरार्डने जिवंत असताना एक पिलू पॅरिसला झाँ रोबँ या राजाच्या माळ्याकडे पाठवलं होतं. रोबँच्या मुलाने, व्हेस्पासियँने, त्याची वाढ लंडनमधल्या एका बागप्रेमी व्यापाऱ्याला पाठवली, आणि तिथून पार्किन्सनकडे ती पोचली. म्हणजे लंडनमधलं मूळ झाड मेलं आणि लंडनमध्येच परत आलं, पॅरिसमार्गे, कारण मालकाने वेळेवर एक पिलू बाहेर देऊन ठेवलं होतं.

ही देवघेव नुसती हौस नव्हती, गरज होती. युक्काला आपल्या देशाबाहेर बी धरत नाही. का, ते कळायला आणखी अडीचशे वर्षं लागली. १८७२ साली अमेरिकेत सेंट लुईसचे डॉक्टर जॉर्ज एंगेलमान यांना दिसलं की रात्री एक लहान पांढरा पतंग या फुलांत वावरतो. मिझुरी राज्याचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली यांनी पाठपुरावा केला. मादी पतंग तोंडाजवळच्या खास अवयवांनी पराग गोळा करते, त्याची गोळी वळते, दुसऱ्या फुलावर जाऊन बीजकोशात अंडं घालते आणि मग वर चढून ती परागाची गोळी स्वतः फुलाच्या मुखात दाबून बसवते. अळ्या काही बिया खातात, बाकीच्या झाडाला मिळतात. पतंगाविना बी नाही आणि युक्काविना पतंग नाही. फुलांच्या परागणावर आयुष्य घालवलेला डार्विनही हे वाचून थक्क झाला होता.

तो पतंग अमेरिकेबाहेर नाही. म्हणून हिमाचल, कुमाऊं, निलगिरी किंवा शिलाँगमध्ये जो युक्का दिसतो तो आपणहून उगवलेला नाही. कोणीतरी हाताने पिलू खणलं, कोणालातरी दिलं, आणि त्याने लावलं. (कुंचल्याने पराग फिरवून बी धरवता येतं, पण इतका उद्योग कोण करतो!) डोंगरात फिरताना मी आता एक गोष्ट पाहतो. देवदारांमध्ये मोकळ्या जागी युक्काचं बेट दिसलं की आसपास जुन्या बंगल्याचं जोतं शोधायचं. छप्पर गेलं, विटा लोकांनी नेल्या, चुलाणं पडलं, तरी युक्का असतो. आतापर्यंत तीनदा शोधलं, दोनदा जोतं सापडलं. तिसऱ्या ठिकाणी फक्त पाण्याचं टाकं होतं.

आता थंडीचा प्रश्न. घरी बाग करणाऱ्यांसाठी खरी माहिती इथे आहे, आणि ज्यांनी उंचावर नोकरी केली आहे त्यांना ती लगेच पटेल. सियाचिनला जाण्याआधी आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात की घाम येऊ देऊ नका, मोजे कोरडे ठेवा. कोरड्या थंडीला माणूस नीट कपड्यांत तोंड देतो. ओली थंडी पाय खाते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय सडले, आणि तेही अनेकदा पारा शून्याच्या वर असताना. युक्काचंही तसंच आहे. झुपक्याच्या मध्यभागी पाणी साचतं, तेच रात्री गोठतं, दुपारी वितळतं, पुन्हा गोठतं, आणि झाड मधूनच कुजतं. लोक म्हणतात थंडीने मेलं. बहुतेक वेळा पाण्याने मेलेलं असतं.

याचा पुरावा अमेरिकेतच उभा आहे. युक्का ग्लॉका नावाची अरुंद पानांची जात मैदानी प्रदेशात थेट कॅनडाच्या आल्बर्टा प्रांताच्या दक्षिण टोकापर्यंत रानात वाढते, आणि तिचा पतंगही तिथे आहे. त्या भागातल्या हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली जातो. पण पाऊस कमी, जमीन उताराची, निचरा चांगला. फिलामेंटोसा ही दुसरी जात, जिच्या पानांच्या कडेने दोरे सुटलेले असतात, तीही उणे २५ च्या आसपास टिकते. बंगल्यांबाहेर जी मोठी ग्लोरिओसा दिसते ती गेरार्डचीच जात. ती त्यांच्यापेक्षा नाजूक, उणे १२ ते १५ ही तिची मर्यादा धरावी. आपल्या बहुतेक डोंगरी छावण्यांत तेवढी थंडी पडत नाही. आपला शत्रू जानेवारी नव्हे, जुलै-ऑगस्ट. लेहला मात्र उलट. तिथे पाऊस जवळजवळ नाही, पण थंडी कडक. तिथे कोणाला लावायचाच असेल तर माझं मत ग्लॉकाला.

म्हणून जागा निवडताना उन्हाच्या बाजूचा उतार घ्यावा. सपाट जागा असेल तर वीतभर उंच वाफा करून मातीत निम्मी बारीक खडी आणि रेती मिसळावी. शेणखताचा लोभ नको. खत घातलेला युक्का मऊ वाढतो आणि पहिल्या पाल्यातच मार खातो. गारठा पडण्याआधी पानं वर गोळा करून सुतळीने सैल बांधली की मधे बर्फ साचत नाही. पन्नीत मात्र गुंडाळू नये, आत घाम धरतो. पिलू वसंतात काढावं, मुळाचा जाड तुकडा त्याच्याबरोबर यावा, आणि कापलेला भाग दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मग लावावं. लगेच पाणी घालायची घाई करू नये. फुलाला किती वर्षं? तीनही लागतात, सातही. आपली पोस्टिंग दोन-अडीच वर्षांची. हिशेब ज्याचा त्याने करावा.

युरोपात याच मर्यादेशी एक माणूस आयुष्यभर झुंजला. कार्ल श्प्रेंगर, मूळ मेक्लेनबर्गचा जर्मन, नेपल्समध्ये रोपवाटिका चालवायचा. थंडीत टिकणाऱ्या आणि उष्ण भागातल्या जातींचे संकर करून त्याने युक्काचे कितीतरी नवे प्रकार काढले. १९०६ साली व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि राखेने त्याच्या बागेचं अतोनात नुकसान केलं. पुढे तो कॉर्फू बेटावर कैसर विल्हेल्मच्या महालातली बाग सांभाळायला गेला आणि १९१७ मध्ये तिथेच वारला, महायुद्धाच्या ऐन मध्यात. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात गर्ट्रूड जेकिल यांनी आपल्या दोनशे फुटी फुलताटव्याच्या टोकांना युक्का लावले. इंग्लिश घरगुती बागेत युक्काला मान मिळाला त्यात त्यांचा मोठा हात. याच बाईंनी, नवी दिल्ली बांधणाऱ्या लट्यन्सबरोबर, फ्रान्समधल्या काही युद्ध-दफनभूमींच्या लागवडीचे आराखडे करून दिले.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना हे शोभेचं झाड वाटलंच नव्हतं. त्यांनी पानांच्या धाग्यांचे दोर वळले, सपाता विणल्या, मुळं कुटून फेस काढला आणि केस धुतले. आपल्याकडे रिठ्याचं जे काम, ते तिथे युक्काच्या मुळाचं. महायुद्धात बंगालचं ताग दुर्मिळ झालं तेव्हा अमेरिकेत याच्या धाग्याची पोती करण्याचा उद्योगही झाला.

आता इथली बातमी. आमच्या खालच्या वळणावर जुन्या पाच बंगल्यांसमोर युक्काची रांग आहे. मार्चनंतर रस्ता रुंद व्हायचा आहे आणि ती रांग त्यात जाते. वेल्फेअरच्या बैठकीत एका भगिनींनी सांगितलं की गेली तर बरंच, पानाची टोकं बरोबर चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येतात. तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे कात्रीने प्रत्येक पानाचं टोक अर्धा इंच छाटणं. झाडाला काही होत नाही. पायवाटेपासून तीन हात दूर लावणं त्याहून बरं. रस्ताही हवाच आहे, रुग्णवाहिका त्या वळणावर अडते. रांग वाचवा असं मी म्हणत नाही.

माळी आणि मी मिळून पिलं मोजली, एकोणतीस निघतील. ताबा देता-घेताना घराच्या यादीत पंखे, गीझर, पडद्याचे दांडे, सगळं असतं, पण बाग नसते. त्यामुळे कोणाची परवानगी घ्यायची हाही प्रश्न आला नाही. बारा पिलं शाळेमागच्या उतारावर जातील, तिथे मुलं खेळत नाहीत. एका निवृत्त सुभेदार साहेबांनी चार मागितली आहेत, त्यांच्या गावी, पिथौरागढच्या वर. दोन माझ्या बॅचमेटकडे वेलिंग्टनला पार्सलने. पाच पुढच्या ऑफिसरसाठी कुंडीत, जातीच्या नावाची पाटी लावून. उरलेल्या सहांसाठी या लेखाच्या वाचकांपैकी थंड ठिकाणी पोस्टिंगवर असलेल्यांनी कळवावं. पार्सलचा खर्च माझा. मुळं ओल्या कापडात न गुंडाळता कोरड्या भुशात पाठवीन, पोचायला आठवडा लागला तरी काही बिघडत नाही.