पिंडबोर्ग अर्बुद

जबड्यात उद्भवणारे दुर्मिळ, सौम्य अर्बुद (गाठ). दातांच्या निर्मितीशी संबंधित ऊतकांपासून होणाऱ्या अर्बुदांत याचे प्रमाण सुमारे एक टक्का असते. डॅनिश विकृतिवैज्ञानिक येन्स पिंडबोर्ग (१९२१–९५) यांनी १९५५ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले. 

लक्षणे : बहुधा तिशी ते पन्नाशीत, खालच्या जबड्यात दाढांच्या भागी हळूहळू वाढणारी, न दुखणारी सूज येते. सुमारे निम्म्या रुग्णांत जबड्यात अडकलेला दात आढळतो.

निदान : क्ष-किरण चित्रात हाडातील पोकळीत कॅल्शियमचे पांढरे ठिपके दिसू शकतात. सीटी स्कॅनने व्याप्ती कळते. पण निश्चित निदान ऊतक परीक्षेनेच (बायॉप्सी) होते. बहुभुजाकृती पेशींचे थर, वर्तुळाकार कॅल्शियम-साठे आणि काँगो रेड रंजकाने ध्रुवित प्रकाशात हिरवे चमकणारे अमिलॉइड प्रथिन ही या अर्बुदाची वैशिष्ट्ये होत. पेशींची केंद्रके ओबडधोबड असल्याने कर्करोगाचा भास होतो. मात्र पेशीविभाजन क्वचितच दिसते. हा भेद अचूक ओळखल्यास रुग्णाची अनावश्यक मोठ्या शस्त्रक्रियेतून सुटका होते.

उपचार : लहान गाठ भोवतालच्या निरोगी हाडाच्या पातळ कडेसह काढतात; मोठ्या गाठीसाठी जबड्याचा भाग काढून पुनर्रचना करावी लागते. अपुऱ्या शस्त्रक्रियेनंतर गाठ पुन्हा उद्भवू शकते. म्हणून रुग्णाची अनेक वर्षे नियमित तपासणी आवश्यक असते.