टिकणारी बीअर आणि न टिकणारी माडी

गिरगांवांतील वाड्यांचीं नांवें वाचीत गेलें म्हणजे एका नाहींशा झालेल्या मुंबईचा नकाशाच डोळ्यांपुढें उभा राहतो. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. आज जेथें चाळींच्या कठड्यांवर कपडे वाळत असतात, तेथें एके काळीं बागा होत्या. आणि दादर-माहीमकडे माडांच्या दाट राया पसरल्या होत्या. ह्या रायांतून भल्या पहांटे कमरेला कोयती आणि मडकें लावून भंडारी झाडावर चढे आणि रात्रभर ठिबकलेला रस उतरवून आणी. मुंबईचें हें जुनें पेय. त्याच मुंबईच्या बंदरांत विलायती जहाजांतून दुसरें एक पेय पिंपें भरभरून उतरूं लागलें. त्याचें नांव पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची बीअर. माडी दुसरा दिवस उजाडेपर्यंत आंबून जाई; ही बीअर पांच-सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करूनही पिण्याजोगी राही. ह्या दोहोंमधील अंतर एका कडू फुलानें पाडलें होतें. त्या अंतराचे परिणाम पुढें मुंबईच्या करांत, कायद्यांत आणि एका सबंध जातीच्या चरितार्थांत उमटले.

माडी करावी लागत नाहीं. ती आपोआप होते. माडाची न उमललेली पोय बांधून, ती हलक्या हातानें ठोकून, तिचें टोंक रोज सकाळ-संध्याकाळ छेदलें म्हणजे गोड रस पाझरूं लागतो. हा ताजा रस म्हणजे नीरा. परंतु हवेंतील आणि जुन्या मडक्याच्या तळाशीं राहिलेल्या गाळांतील किण्व त्यांत तत्काळ शिरतें आणि साखरेचें मद्यार्कांत रूपांतर करूं लागतें. कांहीं तासांत रस फेसाळतो आणि दिवसाअखेर त्यांत साधारणपणें ४ ते ६ टक्के मद्यार्क होतो. पण क्रिया येथें थांबत नाहीं. किण्वाच्या मागोमाग आंबट आम्लें निर्माण करणारे जंतू कामाला लागतात आणि माडीचा शिरका होऊं लागतो. मडक्याला आंतून चुना लावला तर रस कांहीं काळ गोड राहतो. पण ती झाली नीरेची युक्ति. माडी साठवून ठेवण्याचा उपाय भंडाऱ्यापाशीं नव्हता, आणि त्याची फारशी गरजही नव्हती. कारण झाड, चढणारा आणि पिणारा हे तिघेही जवळपासचेच असत. फेसाळलेल्या माडीचा पिण्यावांचून दुसराही उपयोग होता. गोव्याकडील पाववाले पीठ फुगविण्यासाठीं तीच वापरीत, आणि पुढें मुंबईकरांच्या न्याहारींत जो पाव येऊन बसला त्याच्या जन्मकथेंत माडीचा भाग आहे.

बीअरचीही मूळ अडचण हीच होती. मोड आणून भट्टींत वाळविलेले जव गरम पाण्यांत भिजविले म्हणजे गोड रस निघतो. तो नुसताच आंबविला तर लवकरच नासतो. युरोपांतील लोकांनीं ह्यावर जो उपाय योजला तो हॉप्स नांवाच्या वेलीच्या फुलांचा. ह्या वेलीला मराठींत नांव नाहीं, कारण ती थंड मुलखांतली आहे आणि उन्हाळ्यांतील लांबच लांब दिवसांवांचून तिला नीट बहर येत नाहीं. तिचें कूळ मात्र मराठी माणसाला अगदींच परकें नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला गांज्याच्या कुळांत घालतात. आणि गांज्याप्रमाणेंच हिच्याही मादी वेलीवरील फुलोराच तेवढा कामाचा असतो. त्याच्या पाकळ्यांच्या बुडाशीं पिवळी, चिकट, सुवासिक पूड असते. ती रसाबरोबर तासभर उकळली म्हणजे तिच्यांतील कडूपणा पाण्यांत उतरतो. हा कडूपणा आंबट करणाऱ्या पुष्कळशा जंतूंची वाढ रोखतो; किण्वाच्या वाटेला मात्र तो जात नाहीं. फुलें उकळीच्या आरंभीं घातलीं तर कडवटपणा येतो, अखेरीस घातलीं तर सुगंध राहतो. शिवाय हॉप्सची एक जात दुसरीसारखी नसते. कडू आम्लाचें प्रमाण एका जातींत शेंकडा ४ तर दुसरींत १२ किंवा त्याहूनही अधिक असूं शकतें. म्हणून घरगुती बीअर करणाराच्या हातीं अनोळखी जातीचीं फुलें आलीं आणि त्यानें तीं सवयीच्या मापानें घातलीं, तर पिणाराला काढा घेतल्याचा भास होतो.

हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बीअरच्या कथेंत जॉर्ज हॉजसन याचें नांव नेहमीं निघतें. लंडनच्या पूर्वेस बो येथें १७५२ पासून तो बीअर करी, आणि ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें तेथून जवळच नांगर टाकीत. जहाजांच्या कप्तानांना खाजगी व्यापाराची मुभा होती. हॉजसनचें घराणें त्यांना लांब मुदतीच्या उधारीवर माल देई. हॉजसननें ही बीअर हिंदुस्थानासाठीं मुद्दाम शोधून काढली असें पुष्कळ दिवस सांगितलें गेलें. पण अलीकडील संशोधनापुढें ती गोष्ट टिकलेली नाहीं. भरपूर हॉप्स घालून पिंपांत दीर्घकाळ मुरविण्याची ऑक्टोबर महिन्यांतील बीअर विलायतेंत आधींपासूनच होत असे. हॉजसनचें यश शोधापेक्षां जागेंत आणि उधारींत अधिक होतें. १८२० नंतर ह्या घराण्यानें व्यापार आपल्या मुठींत घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हां कंपनीचे एक डायरेक्टर कॅम्बेल मार्जोरिबँक्स यांनीं बर्टन गांवच्या सॅम्युअल ऑलसॉपला तशीच बीअर करण्यास सुचविलें. बर्टनच्या पाण्यांत जिप्सम पुष्कळ. त्यामुळें तेथील फिकी बीअर अधिकच निर्मळ आणि तरतरीत उतरली.

हीं पिंपें केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदां ओलांडून मुंबईस येत. उष्णतेनें आणि जहाजाच्या हेलकाव्यांनीं एरवीं जें पेय नासावें तें हॉप्सच्या बळावर उलट मुरत जाई. तें अर्थातच सर्वांसाठीं नव्हतें. फिकी बीअर मुख्यतः अधिकारी, व्यापारी आणि मुलकी अंमलदार यांच्या मेजावर जाई. साध्या गोऱ्या शिपायाच्या वांट्याला काळी पोर्टर येई. आणखी एक गंमत अशी कीं, ‘ईस्ट इंडिया पेल एल’ ह्या नांवाचा फार जुना छापील उल्लेख हिंदुस्थानांतला नसून १८२९ सालच्या सिडनींतील एका जाहिरातींतला आहे. देशाचें नांव पेयाला मिळालें. पेय मात्र देशाला फारसें मिळालें नाहीं.

इकडे भंडाऱ्याची स्थिति काय होती? मुंबईच्या जुन्या रहिवाशांत ह्या जातीची गणना होते. सतराव्या शतकांत गव्हर्नर जेराल्ड आँजियर यानें शहराच्या रक्षणासाठीं जी शिबंदी उभारली ती भंडाऱ्यांची म्हणूनच ओळखली जाते, आणि मुंबई पोलिसांच्या इतिहासाचा आरंभ तिच्यापासून धरतात. शहराची राखण करणाऱ्या ह्या लोकांचा धंदा मात्र राज्यकर्त्यांच्या हिशेबांत नीट बसेना. टिकाऊ मालावर कर बसविणें सोपें असतें. पिंप मोजतां येतें, गोदामांत कुलपाखालीं ठेवितां येतें, जकात चुकती झाल्यावर सोडतां येतें. माडीचें पिंप नव्हतें आणि गोदामही नव्हतें. होतें तें झाड. म्हणून सरकारनें झाडालाच हात घातला.

१८७८ सालच्या मुंबई आबकारी कायद्यानें परवान्यावांचून झाड छेदणें आणि माडी काढणें हा गुन्हा ठरला. झाडागणिक कर द्यावा लागे आणि तो वाढत गेला. स्वतःच्या परसांतील माडाचा रस घरीं पिण्यासाठीं काढणाराही आतां परवान्याच्या कक्षेंत आला. पुढें १८९२ सालीं दुसरा कायदा झाला, तो मोहाच्या फुलांचा. मुंबईला लागून असलेल्या ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें गोळा करणें, बाळगणें आणि विकणें ह्यांवर त्यानें निर्बंध घातले, कारण त्या फुलांपासून घरोघर दारू काढतां येई. समोरच्या उरणच्या भट्ट्यांत मात्र त्याच मोहाची दारू सरकारी देखरेखीखालीं निघे आणि तिच्यावर सरकारला कर मिळे. म्हणजे विलायती वेलीचें फूल पिंपांत उतरून जकातीच्या पावतीसह राजरोस येई, आणि रानांतील मोहाचें फूल आदिवासी माणसाच्या टोपलींत सांपडलें तर तो आरोपी ठरे. दोन्ही फुलांचा उपयोग मद्याकडेच होता. भेद होता तो हिशेबाचा.

तथापि ह्या इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १८५४ मध्यें ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली, आणि पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, नायगांव हा सर्व भाग गिरण्यांनीं व्यापला. लांब पाळीनंतर बाहेर पडणारा कामगार दारूच्या दुकानाशीं थांबे, आणि पगाराच्या दिवशीं त्याच्या बायकोला काय भोगावें लागे हें चाळींतील प्रत्येक खोलीला ठाऊक असे. पुण्यांत १८८० सालीं जोतीराव फुले यांनीं नगरपालिकेचे सभासद म्हणून वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पैशासाठीं दुकानें वाढविणारें सरकार आणि त्यांत उद्‌ध्वस्त होणारीं कुटुंबें हा प्रश्न मुंबईलाही तेवढाच लागू होता. झाडावरील कर वाढवून सौम्य माडी महाग करावयाची आणि कडक दारूची विक्री सांभाळावयाची, असा आक्षेप त्या धोरणावर घेतला जाई. ज्या भंडारी समाजाचा चरितार्थ माडीवर होता त्याच समाजांतील सीताराम केशव बोले यांनीं १९०९ मध्यें परळ भागांत कामगार हितवर्धक सभा स्थापण्यांत पुढाकार घेतला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा १९२३ सालचा मुंबई कायदेमंडळांतील ठराव तो त्यांचाच. दादरच्या एका रस्त्याला त्यांचें नांव आहे. समाजाचा जुना धंदा आक्रसत असतां समाजानें शिक्षण आणि सार्वजनिक कार्य ह्यांकडे वळावें, ही वाट त्यांच्यासारख्यांनीं दाखविली.

१ ऑगस्ट १९३९ रोजीं बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें मुंबई शहरांत दारूबंदी जारी केली. आबकारी खातें डॉ. गिल्डर यांच्याकडे होतें. बुडणारें उत्पन्न भरून काढण्यासाठीं शहरांतील स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसला, आणि त्यावरून मोठा विरोध झाला. मंत्रिमंडळानें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत राजीनामा दिला आणि बंदी ढिली पडली. पुढें १९४९ सालच्या कायद्यान्वयें एप्रिल १९५० पासून ती पूर्णपणें अंमलांत आली. हेतु निःसंशय उदात्त होता. परंतु सौम्य आणि कडक ह्यांना एकच न्याय लागला कीं, जें लपवितां येतें तें तगतें. माडाच्या शेंड्यावरील मडकें कोणालाही खालून दिसे. हातभट्टीची बाटली पदराआड मावे. माडी गेली आणि हातभट्टी राहिली. भंडाऱ्याच्या मडक्यांत उरली ती चुन्यानें गोड ठेविलेली, परवान्याची नीरा, जी पुढें रेल्वे स्थानकांवरील गाड्यांतून मुंबईकरांना मिळूं लागली.

१९६० नंतर हे निर्बंध टप्प्याटप्प्यानें सैल झाले. गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत २०१३ पासून लहान बीअरशाळा निघाल्या. तेथें परदेशांतून आणलेल्या निरनिराळ्या हॉप्सच्या पेल एल तयार होतात आणि अनोळखी फुलाचा सुगंध चवीनें घेतला जातो. घरीं परवान्यावांचून बीअर करणें मात्र त्या १९४९ च्या कायद्यानें आजही गुन्हाच आहे. माड छेदण्यालाही परवाना लागतो. ज्या पेयाला टिकण्यासाठीं कडू फुलाची गरज होती तें जगभर गेलें आणि पुनः परळला आलें. ज्याला फक्त एक झाड, एक मडकें आणि पहांटे वर चढणारा माणूस एवढेंच लागत होतें, तें त्या माणसाबरोबरच गिरगांव-दादरमधून निघून गेलें. त्याची खूण आतां वाड्यांच्या नांवांत शोधावी लागते.